सातव्या भागानंतर

मे महिन्यातला दुसरा शुक्रवार. दुपारी टँकर आला होता आणि मी अंगणात पाइप धरून ड्रम भरत होते. त्या वर्षी हर्सूलचा तलाव तळाला गेला होता. आमच्या पुंडलिकनगरात इमारती मात्र वाढतच होत्या. आतून सासऱ्यांचा आवाज येत होता. रोज दुपारी, संध्याकाळी यायचा. आतल्या खोलीत ते एकटेच असायचे.

माझी मुलगी तापानं गेली त्याला वर्ष होत आलं होतं. नववीत होती, शाळेच्या बास्केटबॉल संघात. तिच्यामागं एका जपानी चित्रकथेचे इंग्रजीतले सात भाग राहिले होते. तशाच एका शाळेच्या संघाची गोष्ट, पानं उजवीकडून उलटायची. मी एकदा डावीकडून सुरुवात केली तर ती हसली होती. पहिले दोन भाग कच्चे आहेत, दम धर, पुढं सुधारतं, म्हणाली. मी दम धरला नाही.

सासरे निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. इंग्रजी येत नव्हतं, पण पुस्तक त्यांनी बरोबर बाजूनं उघडलं. चित्रं बघत ते सामना मोठ्यानं सांगायचे. मध्येच थांबायचे, समोरच्यानं काही बोलावं इतका वेळ. मग “व्हय, खरंय” म्हणून पुढं जायचे. ते थांबणं मला सोसवत नव्हतं. पुस्तकं फुलंब्रीला नणंदेच्या मुलांना द्यायचं मी ठरवलं होतं.

ड्रम भरून आत गेले. सातवा भाग मिटून त्यांच्या मांडीवर होता.

“आठवा आण, सूनबाई. चित्रकाराचा हात लई सुधारलाय. आता पोरगं उडी मारतं तर त्याचं वजन कळतं.”

ती आता नाही, मामंजी, असं मी स्पष्टच सांगितलं.

“ठाऊक आहे. स्मशानात मी होतो की. पण सामना अर्धा राहिलाय. ती रोज विचारती.”

त्यांचं डोकं शाबूत होतं. टँकर एक दिवस उशिरा आला हेही त्यांनीच मला सुनावलं.

संध्याकाळी ते गप्प बसून होते. त्या खोलीतून आवाज नाही, असं वर्षभरात पहिल्यांदा झालं. मी दोनदा दाराशी जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानात गेले. आठवा भाग होता. पुढं अजून पुष्कळ आहेत, सगळे एकदम मागवून देतो, असं दुकानदार म्हणाला. मी नको म्हणाले. एकेकच द्या.