वरून टाकलेलं मलम

दोन हजार चोवीस साल. मी सदुसष्ट वर्षांचा. तिसरी शिकलो, म्हणून वाकडंतिकडं लिहितो. पण पाह्यलं तेच लिहितो.

फिरत्या दवाखान्याची गाडी गावात आली होती. महिन्यातून एकदा येते. आमची वस्ती नाल्यापलीकडं, पण गाडी तिकडं येत नाही. मालकाच्या आंगणात उभी राहते. मालक म्हणजे गावातला मोठा शेतकरी. त्याच्या वावरात माझा बाप राबला, मीही राबलो.

माझ्या बायकोच्या, गंगूच्या पायाले ऊसतोडीवर खुंट लागला होता. त्यात तिले साखरेचा आजार. जखम चिघळली, अंगठा काळा पडत चालला. पाय राहते का जाते, एवढंच होतं. डाक्तरपुढं जायचं म्हणून ती आंघोळ करून, लेकीच्या लग्नातलं लुगडं नेसून आली. पायाले नवा कोरा ब्लाऊजपीस बांधला.

पहिला नंबर आमचा. पण मालकाची माय उशिरा आली आन् पहिली चढली. डाक्तरनं तिचे गुडघे हातानं दाबून दाबून पाह्यले. मग तिची सून, मग नातू. ऊन डोक्यावर आलं. गंगूनं पायरीवर पाय ठेवला तं डाक्तरचा मदतनीस आडवा झाला.

"खालीच बस वं. आत पांढरी चादर हाय."

"मंग चादर कायले अंथरली?" मी म्हटलं.

"बुढ्या, तुमच्या वस्तीचा वास बसते गाडीत. दिवसभर जात नाही."

गंगू खाली बसली. मालकाचे बैल बांधतात तिथं, शेणात. तिनं फडकं सोडलं. डाक्तरनं दारातूनच पाह्यलं, नाकावर रुमाल धरून. "मलम दे," म्हणाला. मदतनीसानं वरून ट्यूब सोडली. गंगूनं पदर पसरला.

तो पदर पाहून मले किळस आली. तिची नाही. माझ्या मायनं असाच पदर पसरला होता, याच आंगणात, शिळ्या भाकरीसाठी. मी तिच्या मागं उभा होतो. भाकर पडली म्हणून खुश झालो होतो. आज भाकरीच्या जागी मलम. टाकणारा हात तसाच वर, आन् मी तसाच मागं उभा.

मी ट्यूब उचलली. पायरीवर ठेवली.

"हात लावून तपासा. नाही तं नको."

मालक ओट्यावर चहा पीत होता. म्हणाला, "याले डाक्तर नाही, कलेक्टर पाहिजे."

सगळे हसले. आमच्या वस्तीतलेही हसले. थुंकावंसं वाटलं.

वापस येताना गंगू म्हणे, "माह्या पायापरीस तुमचा ताठा मोठा झाला का?"

बरोबर बोलली. पण ताठा सोडणार नव्हतो, आन् तिचा पायही जाऊ देणार नव्हतो.

गाडीच्या फेऱ्या ठरलेल्या. दुसऱ्या दिवशी ती शेलूबाजारकडच्या एका गावात थांबणार होती. सकाळी शेजाऱ्याची बैलबंडी मागितली, गंगूले बसवलं, गाडीच्या आधी तिथं पोचलो. गाडीचं दार उघडलं तसं तिले दोन्ही हातांवर उचललं आन् चढलो. मदतनीस "ए, ए" करत राह्यला. तिले तपासायच्या बाकड्यावर निजवलं, पायाचं फडकं सोडलं आन् दारात आडवा बसलो.

"हात लावा," मी डाक्तरले म्हटलं. "तोवर ही गाडी इथून हालत नाही."