डिंक्याचे तीन भाऊ

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट असेल. सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये शेजारी बसलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. संत्र्याला डिंक्या रोग लावणारी बुरशी तो डब्यात घालून नेत होता. ब्रेक लागला की तान्ह्या लेकरासारखा डबा कवटाळायचा.

"तिघं भाऊ आहेत," तो कौतुकानं सांगू लागला. "एकाला थंडी मानवते. दुसऱ्याला गरमी, तो मुळाशीच घर धरून बसते. तिसरा फिरस्ता, पावसाच्या उडत्या थेंबासंगं थेट फळावर जाते."

पुढच्या सीटवरची बाई लेकीसाठी स्थळं पाहून राहिली होती. बसच्या खडखडाटात तिला अर्धंच ऐकू गेलं. ती गर्रकन वळली.

"भाऊ, तो घर धरून बसणारा बिनलग्नाचा हाय का?"

मी हसू दाबलं. तो मात्र गंभीरच.

"मावशी, त्याचं नाव नका काढू. ज्याच्या दारी गेला, त्याले आतून पोखरते. रडवते."

"थे त सारेच करतात. दारू त नाही ना पेत?"

त्यानं डब्याकडे पाहून खरंच विचार केला.

"नाही. निरं पाणी."

"मंग पत्ता सांगा ना," बाई म्हणाली.