साडभाऊंचा ‘खराब’ फोल्डर

माझ्या साडभाऊंच्या तावडीतून आमच्या नात्यागोत्यातलं एकही लग्न आजवर सुटलेलं नाही. लग्नाला वीस वर्षं झालेली असोत, नवराबायकोचं बोलणं बंद असो, नाहीतर दोघांपैकी एक वर गेलेलं असो, त्या लग्नाची डिस्क कुठल्याही कपाटात असली तरी ती शोधायची, पुसायची, कॉम्प्युटरात घालायची आणि आजच्या टीव्हीवर लागेल अशी करून द्यायची, हे व्रत त्यांनी पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले त्या दिवशी घेतलं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. आम्ही दोघंही प्रताप नगरातच, मध्ये तीन गल्ल्या. कुणाकडेही गेले की पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी ते वाकून टीव्हीच्या मागे बघतात. एकदा एका ओळखीच्यांकडे आम्ही तेराव्याला गेलो होतो. बायका रडत होत्या आणि हे हार घातलेल्या फोटोकडे पाठ करून टीव्हीमागे शिरलेले. मी शर्ट ओढला तर म्हणाले, “थांबा ना भाऊ, यांच्या भावाच्या लग्नाची डिस्क आणली मी.” लावलीच. ज्याचं तेरावं तो माणूस पंधरा मिनिटं वरातीत नाचला. घरचे आधी दुप्पट रडले आणि मग म्हणाले, पुन्हा लावा. आम्हाला निघायला दिवेलागण झाली.

डिस्क पुसण्याची त्यांची रीत म्हणजे सोवळंच. जुन्या सुती धोतराचा तुकडा, आणि मधून बाहेर सरळ रेषेत पुसायचं. गोल पुसणाऱ्या माणसाला ते पुढे आयुष्यभर बेअक्कल समजतात. मी त्यातलाच एक. ओरखडे फार असतील तर बोटाने टूथपेस्ट. करंज्यांचा मोठा डबा ताईंच्या स्वयंपाकघरातून कधीच गेला, त्यात डिस्का राहतात. प्रत्येक डिस्कच्या ते तीन फाइली करतात. एक पेनड्राइव्हवरून टीव्हीला, एक मोबाइलला, आणि एक त्यांच्या पुण्याच्या लेकीसाठी, कारण तिच्या टीव्हीला ती इंटरनेटची काडी खोचलेली आहे आणि त्या काडीला यांची फाइल लावली की चित्र येतं, आवाज येत नाही. आवाजाची जात वेगळी पडते म्हणे. माझ्या घरी एकदा चित्र ताणलं जाऊन सगळे पाहुणे जाडे दिसले, तर माझी सासू खूश झाली, पण साडभाऊ जेवले नाहीत. बिघडलेली फाइलसुद्धा ते पुसून टाकत नाहीत. ‘खराब’ नावाचा एक फोल्डर आहे, त्यात ठेवतात. का, विचारलं तर म्हणतात, माणूस बिघडला म्हणून आपण फेकतो का त्याला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग दिवाळीपासून ताईंचा आवाज बसला तो उठेचना. काढे झाले, गुळण्या झाल्या, शेवटी रामदासपेठेतल्या एका मोठ्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, तीन आठवड्यांत. जीव वाचेल बहुतेक, आवाज नाही वाचणार. तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला साडभाऊंनी आणि गळा गेला ताईंचा, ज्यांनी सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. देवाचा हिशोब कोणत्या शाळेत शिकवतात कोण जाणे. दवाखान्याच्या पायरीवर साडभाऊंनी खिशातली खर्र्याची पुडी काढली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि घरी येऊन सरळ कॉम्प्युटरपुढे बसले. म्हणाले, हिचा आवाज काढून ठेवतो.

आता इथे कोणीही शहाणा माणूस विचारेल, अहो, ताई तर समोर बोलत होत्या, मग? ते विचारायला तेव्हा आमच्यात शहाणं कोणी नव्हतं. साडभाऊंचं म्हणणं, हा आजचा आवाज बिमार आहे, फाटका आहे, मले तिचा चांगला आवाज पाहिजे. मला ते पटलंही. दोघं मिळून डबा उपसायला बसलो. लेकीचं बारसं, वास्तू, मेहुण्याचं लग्न, कुणाकुणाची मुंज. सगळीकडे ताई होत्या, आणि बोलतच होत्या. गप्प बसणारी बाईच नव्हे ती. फक्त ऐकू काही येत नव्हतं. त्या काळी शूटिंगवाले खरा आवाज ठेवतच नसत, वरून गाणी चढवून देत. बारशाला ताई तोंड उघडत आणि सनई वाजे. वास्तूला ताई कुणालातरी रागवत आणि वर प्रेमाचं गाणं. साडभाऊ एकेक डिस्क काढत, डोकं हलवत, पुढची घालत.

शेवटी सगळी भिस्त धाकट्या मेहुण्याच्या, पारशिवनीला झालेल्या लग्नावर आली. तिथे माझ्या सासूने सगळ्या लेकीसुनांना उखाणा घ्यायला लावला होता आणि ताईंनी एवढा लांब उखाणा घेऊन नाव घेतलं होतं की मांडव हसला होता. ती डिस्क कॉम्प्युटर काही केल्या घेईना. तेव्हा साडभाऊंनी माळ्यावरचा जुना प्लेअर काढला, तो टीव्हीला जोडला आणि समोर स्टुलावर मोबाइल उभा करून टीव्हीचंच शूटिंग सुरू केलं. मला म्हणाले, श्वास हळू घ्या. पडद्यावर ताई उभ्या राहिल्या, पदर सावरला, लाजल्या, ओठ हलायला लागले, आणि नेमकी तिथे सनई सुरू झाली.

साडभाऊंचा चेहरा मी तेव्हा पाहिला, तो पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. मागाहून त्यांनी सांगितलं की त्या शूटिंगवाल्याला आपणच बजावलं होतं, बायकांची कलकल काढून टाक, चांगली सनई टाक. पण त्या क्षणी ते काही बोलले नाहीत, कारण सनई थांबेल आणि एखादा शब्द निसटेल अशी आशा होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ताईंनी हाक मारली. साडभाऊ मागे न बघता ओरडले, आणि मीही दाराकडे हात करून त्यांना थांबायची खूण केली. ताई थांबल्या. शब्द काही निसटला नाही. फाइल ‘खराब’मध्ये गेली. पाचव्या दिवशी ताई दवाखान्यात भरती झाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. ताई पाटीवर लिहायला लागल्या. पेन्सिल कचकन तुटली की समजायचं, रागवल्या. साडभाऊंनी कॉम्प्युटरवर चादर टाकली ती दोन महिने काढली नाही. कुणाच्या घरी गेले तरी टीव्हीमागे वाकत नसत, आणि ते पाहून मला कसंतरीच होई. शेवटी आमच्या हिला पारशिवनीच्या लग्नातली आई पाहायची हुक्की आली. सासू ताईंच्या आजारपणाआधीच वारली होती. मीच चादर काढली, मीच ‘खराब’ उघडून ती फाइल लावली. सनई वाजली. ताईंचे ओठ हलले. आणि सनईच्या वरून, फाटका, बसलेला, पण त्यांचाच आवाज आला.

“जेवाले चला ना जी, पोळ्या थंड्या होऊन राहिल्या.”

आणि लगेच साडभाऊंचा. “चूप बस ना वं थोडीशी, तुझाच आवाज शोधून राहिलो.”

खोलीत आम्ही चौघं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी चपला शोधायला लागलो. जवळ फोन असलेली आम्ही दोन बाप्ये माणसं त्यांना गप्प करत होतो. साडभाऊ मात्र खुर्ची ओढून बसले. तेवढाच तुकडा कापला, मग आपलं वाक्य काढून टाकायला निघाले. ते काम त्यांना डोळे मिटून येतं. ताईंनी पाटी पुढे केली. “राहू द्या.” मग साडभाऊंनी तीन फाइली केल्या. पुण्याची पाठवली आणि फोन कानाला लावून उभे राहिले.

“आवाज आला का बेटा?”

पलीकडून पोळ्यांचं ते वाक्य दोनदा ऐकू आलं. मग लेक म्हणाली, “आला बाबा.”

हल्ली तपासण्या चालू आहेत, डॉक्टर पक्कं काही सांगत नाहीत. साडभाऊ पुन्हा लोकांच्या टीव्हीमागे वाकायला लागलेत, तेवढं बरं आहे. परवा दुपारी मी गेलो तर कुणाची तरी डिस्क पुसत बसले होते. मधून बाहेर, सरळ रेषेत. ताई ताटं मांडून बाहेर आल्या, रिमोट उचलला आणि बटण दाबलं. “जेवाले चला ना जी,” टीव्ही म्हणाला. साडभाऊंनी डिस्क तशीच ठेवली आणि स्वतःचं ते वाक्य यायच्या आत उठले.