सुनेच्या शेतातलं माझं स्वच्छता अभियान

आता हे कुठल्या तोंडाने सांगू? पण सांगतोच, कारण मला त्याचा अभिमानही आहे. चहा घ्या, गार होतोय.

आमची सून मृणाल शेतकी कॉलेजात पीएच.डी. करते. विषय, सोयाबीनमधलं तण. मी बँकेतून रिटायर झालेला, इंदूरशेजारच्या राऊ गावात राहणारा माणूस, पण सिमरोलला आमचं दोन बिघे शेत आहे. "बाबा, तिथेच प्रयोग करू का?" तिनं विचारलं आणि मी आठवडाभर अख्ख्या कॉलनीला सांगत फिरलो.

तिनं शेताचे चार पट्टे पाडले. कुठे औषध फवारलं, कुठे कोळपणी केली. मला एकच बजावलं, "बाबा, शेवटच्या पट्ट्याला हात लावायचा नाही."

मला वाटलं, पोरीला माझ्या कमरेची काळजी.

मग कळलं, तिचे गाइड सर शेत बघायला येणार. त्यांना पटलं तरच हंगामाचं काम धरणार, नाहीतर पोरीचं वर्ष वाया. आदल्या दिवशी शेतावर गेलो, तर शेवटच्या पट्ट्यात गुडघाभर तण. आता तुम्हीच सांगा, मी स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या इंदूरचा माणूस. पाहुणा यायचा आणि अंगणात कचरा?

दिवसभर बसून सगळं उपटलं. नुसतं उपटलं नाही, निवडलंसुद्धा. आपण ओला-सुका कचरा एका डब्यात टाकत नाही, मग लव्हाळा आणि केना एका ढिगात कसे टाकू? लव्हाळ्याचा गठ्ठा वेगळा, केन्याचा वेगळा, गवताचा वेगळा. चौथा गठ्ठा तीन-तीन पानांच्या केसाळ तणाचा. चारही बांधावर ओळीने मांडले.

दुसऱ्या दिवशी मृणाल सरांना घेऊन आली. मीच पुढे झालो. "देख लो सरजी, एक तिनका मिल जाए तो नाम बदल दूँ."

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. "वो पट्टी कहाँ है, जिसमें निंदाई नहीं करनी थी?"

मृणालचा चेहरा उतरला. "बाबा, तण किती नुकसान करतं ते मोजायला तो पट्टा मुद्दाम तसा ठेवला होता हो."

माझ्या पायाखालचे दोन्ही बिघे सरकले. तिच्याकडे बघवेना.

सर बांधापाशी थांबले. "ये गट्ठे किसने बनाए?"

"मैंने," मी चोरासारखा म्हणालो.

"हर किस्म अलग?" सर हसायला लागले. "मृणाल, आज हमें यही तो करना था. उखाड़ो, छाँटो, तौलो. बाबूजी ने दिन बचा दिया."

मृणाल काटा आणायला गाडीकडे पळाली. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं.

सरांनी चौथा गठ्ठा उचलला. "और ये कौन-सा खरपतवार है?"

"नाम नहीं मालूम, सर. पर सबसे ज़िद्दी यही निकला."

"बाबूजी, ये सोयाबीन है."

तोही गठ्ठा तोलला, वहीत नोंदवला, आणि पोरीचं वर्ष वाचलं. त्याच वहीत मागे पिकाच्या शत्रूंची यादी आहे: तण, खोडमाशी, पानं खाणारी अळी. त्या दिवशी मृणालनं सगळ्यांच्या वर एक नाव घातलं, 'बाबा'.

हा बघा, मोबाइलमध्ये फोटो ठेवलाय. पहिला नंबर आहे, भिया. इंदूरवाल्याला दुसरा चालत नाही.