अहो, जरा बघता का?

आईला जाऊन दोन महिने झाले आणि धाकट्या लेकीच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. आई म्हणजे काय साधीसुधी बाई होती? शाळेच्या हेडमास्तरांना चार वाक्यांत गप्प करायची. नळ दुरुस्त करायला आलेल्याला त्याचंच काम शिकवायची. जुन्या पडद्यांतून दोन फ्रॉक बेतून वर एक पिशवी काढायची. आणि अशी ही बाई रोज सकाळी दुधाचं पातेलं घेऊन बाबांपुढे उभी राहायची. "अहो, जरा बघता का? चांगलं आहे ना?" बाबा पातेल्यावर नाक न्यायचे, भुवया चढवायचे आणि निकाल द्यायचे. मग कालची भाजी, मग लोणी, मग उघडून ठेवलेलं पीठ. बाबांचा निकाल लागल्याशिवाय त्या स्वयंपाकघरात पान हलायचं नाही. का बरं?

गल्लीत यावरून काय कमी थट्टा झाली? समोरच्या शिक्षिकाबाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांना स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नाही. आणि तुमचं बाई सगळं राज्य नवऱ्याच्या नाकावर!" आई हसायची आणि पातेलं उचलून कामाला लागायची.

बाहेर बाबांना हिंग लावूनसुद्धा कोण विचारत होतं म्हणा. धान्याच्या गोदामात ते वजनकाट्यावर होते. पोतं चढलं की आकडा सांगायचा, उतरलं की दुसरं. वरून मुकादम खेकसणार, खालून हमाल हसणार. धान्याला कीड लागू नये म्हणून तिथे जे औषध मारायचे, त्याचा उग्र दर्प त्यांच्या अंगाला असा बसला होता की बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी. घरी आले की मात्र ते न्यायाधीश.

तेच बाबा आता खिडकीजवळच्या खुर्चीत नुसते बसून असायचे. ताट पुढे केलं की दोन घास खाऊन बाजूला सारायचे. दाढी नाही, फिरायला जाणं नाही, पेपरची घडीसुद्धा मोडायची नाही. लेकीने रजा टाकली, नवऱ्याला आणि पोरांना "सांभाळा आपापलं" म्हणून बजावलं आणि माहेरी येऊन राहिली. बाबांना पुन्हा माणसांत आणल्याशिवाय हलायचं नाही, असा चंगच बांधला होता तिने.

पण बाबा बोलतील तर ना! मग हात रिकामे नकोत म्हणून तिने आईचं स्वयंपाकघर आवरायला घेतलं. आणि तिथेच ते कोडं जास्त वाढलं. एकूण एक बरणीवर चिठ्ठी. 'सोमवारी उघडलं.' 'शुक्रवारच्या आत संपवणे.' मिठाला काय होतं हो? पण मिठाच्या बरणीवरसुद्धा! मागच्या फळीवर लेकीने पहिल्या नोकरीत हौसेने आणलेली अत्तराची बाटली होती. बूच जसंच्या तसं, एक थेंब वापरलेला नाही. तेव्हा लेक चांगली आठवडाभर फुगून बसली होती, आईला माझी कदर नाही म्हणून.

बाटली हातात घेतल्यावर तिला आणखी एक जुनी गोष्ट आठवली. ती चौथीत असेल. शाळेतून आली तर दारातच गॅसचा भपकारा, आणि आत शेगडीपाशी आई निवांत मटार सोलत बसलेली! शिक्षिकाबाई धावत आल्या, त्यांनी बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. "अहो बाई, जीव नकोसा झालाय का तुम्हाला?" आई म्हणाली, "विचारांच्या तंद्रीत होते." झालं! सगळ्यांनी ठरवून टाकलं की आई विसरभोळी झाली. शिक्षिकाबाईंनी भिजवलेले बदाम सुचवले. आईने बिचारीने महिनाभर मुकाट्याने बदाम खाल्ले. तिच्या आठवणीला काय धाड भरली होती? सगळ्या गल्लीचे वाढदिवस तोंडपाठ होते तिला.

कपाटाच्या तळाशी रेशनच्या जुन्या कागदांखाली कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा पिवळा पडलेला कागद सापडला. तापानंतर दोन महिने वास येत नाही. पुन्हा येण्याची शक्यता कमी. खालची तारीख पाहून लेकीने बोटांवर वर्षं मोजली. तेव्हा ती स्वतः पाच महिन्यांची होती. म्हणजे अडतीस वर्षं!

कागद घेऊन ती तडक मावशीकडे गेली. आईची धाकटी बहीण गल्लीच्या टोकालाच राहायची, शिवणकाम करायची. मावशीने कागद पाहिला आणि मशीनवरचा पाय थांबवला.

"सापडलाच का तुला शेवटी?"

"मावशी, अगं कुणाला बोलली का नाही ती?"

"कुणाला बोलणार? तुझी आजी, म्हणजे हिची सासू, आधीच हिच्या स्वयंपाकात खोट काढायला टपलेली. तिच्या हाती आयतं कोलीत द्यायचं? आणि एक दिवस तुझे बाबा मुकादमाची बोलणी खाऊन घरी आले, तोंड एवढंसं. हिच्यापुढे दुधाचं पातेलं, चांगलं की खराब कळेना. सहज म्हणाली, अहो, जरा बघता का? त्यांनी वास घेतला, म्हणाले, फेकून दे, गेलंय. आणि असे खुलले म्हणे! तेव्हापासून तिने ती वाटच धरली. आजी गेल्यावर मी म्हटलं, आता तरी सांग. तर मला शपथ घातली."

"मग मी सांगू बाबांना?"

"खबरदार! जन्मभरात त्या माणसाला मिळालेला तेवढाच मान. बायको मला विचारल्याशिवाय काही करत नाही, या एका गोष्टीवर तो माणूस उभा आहे. ते गरजेपोटी होतं म्हणून सांगशील तर तेवढंही जाईल त्याचं."

लेक परत आली. तीन दिवस तो कागद तिच्या पिशवीत होता.

चौथ्या दिवशी सकाळी तिने दूध तापवायला घेतलं, सवयीने वास घेतला आणि पातेलं शेगडीवर ठेवलं. मागे बाबा दारात उभे होते. कधी आले कळलंच नाही.

"तुला नाही लागत कुणाला विचारायला," ते म्हणाले. "तिलाही लागत नव्हतं."

"म्हणजे?"

"मी काय इतका खुळा होतो? बाहेर माझी कुणी दखल घेत नाही हे तिला दिसत होतं. म्हणून घरात उगाच मोठेपणा द्यायची. रडणाऱ्या पोराच्या हातात लाटणं द्यावं, तसं. मी आपला तिच्या समाधानासाठी हुंगायचो. माझ्यावाचून तिचं काडीचंही अडत नव्हतं गं. तेच बसून बसून डोक्यात येतं."

मावशीची ताकीद गेली उडत! लेकीने गॅस बंद केला आणि कागद बाबांच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"काहीच वास नाही?"

"काहीच नाही."

"फुलांचा?"

"नाही."

"आणि तुझ्या अंगाचा? तान्ही होतीस तू."

हे लेकीच्या मनातही आलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली.

"आणि माझ्या गोदामाच्या कपड्यांचा?" बाबा मध्येच थांबले आणि चक्क हसले. "अरे देवा! सगळं जग नाक मुरडायचं, ती एकटी कधी नाही मुरडायची. मला वाटायचं, काय जीव आहे हिचा माझ्यावर! आणि हिला पत्ताच नव्हता!"

लेकही हसली. किती दिवसांनी त्या घरात कुणी हसत होतं. बाबा स्टूल ओढून ओट्यापाशी बसले, त्यांची पाठ ताठ झाली होती. "म्हणजे ती मला खरंच विचारत होती," ते म्हणाले.

"खरंच विचारत होती, बाबा. अडतीस वर्षं तिचा सगळा भरवसा तुमच्यावर होता."

जिंकलं बाई, असं लेकीला वाटलं. तिने पुन्हा गॅस पेटवला. वळून पाहते तर बाबांचा चेहरा पांढराफटक.

"पण मला ते खोटं वाटायचं ना," बाबा म्हणाले. "नोकरी संपल्यावर तर मला कंटाळाच यायचा. पेपरमधून डोकंही वर काढायचो नाही. ठीक आहे, ठीक आहे म्हणायचो. किती वेळा, किती वेळा न हुंगताच."

"मग ती काय म्हणायची?"

"म्हणायची, तुम्ही बघितलंत ना, मग मला काळजी नाही."