काचेच्या कपाटात न गेलेली कादंबरी

तिला सगळे टाचणी म्हणत. हे नाव थोरल्या बहिणीनं ठेवलेलं, आणि ते तिला दोन्ही बाजूंनी शोभलं. एक तर अंगकाठी बारीक, आणि दुसरं म्हणजे कामाला बसली की ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या. त्यामुळे ती गिऱ्हाइकाशी दातांतल्या दातांत बोलायची. नवख्या माणसाला वाटायचं, बाई रागावलीय. पुष्कळदा ती खरंच रागावलेली असायची.

दुकान वडिलांचं. अरुंद आणि खोल. दाराशी काउंटर, मागं दोन मशीनं आणि इस्त्रीचं टेबल. नवे कपडे शिवून घेणारे केव्हाच संपले. आता लोक तयार कपडे घ्यायचे आणि अंगाला बसत नाहीत म्हणून तिच्याकडे आणायचे. पँट आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला. "कपड्याला बोल लावतात, पोटाला कुणी लावत नाही," असं ती म्हणायची. तोंडावरच म्हणायची. तरी गिऱ्हाईक टिकून होतं, कारण तिनं दुमडलेली कड पुन्हा कधी सुटत नसे.

नववीतच तिची शाळा सुटली. वडिलांना दुकानात हात हवा होता. ताई मात्र शिकत राहिली, आणि संध्याकाळी दुकानात येऊन इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला बसून धाकटीला वाचून दाखवू लागली. अशातच एक वाचनालय बंद पडलं आणि तिथल्या रद्दीतून ताईनं ती कादंबरी उचलून आणली. चांगली जाडजूड, पाठीचा पुठ्ठा सुटलेली. नवऱ्यामागं त्याची होडी चालवणाऱ्या एका बाईची गोष्ट. ती दिरांशी भांडते, गावाशी भांडते, पुराशी भांडते. आणि शेवटी, आईला टाकून गेलेला तिचा मुलगा कैक वर्षांनी दारात येऊन उभा राहतो, तेव्हा ती दार उघडत नाही.

मशीनचा आवाज थांबलेला वडिलांना खपत नसे. म्हणून प्रसंग रंगात आला की टाचणी सुईतला दोरा काढून मशीन नुसतंच चालवायची. त्या खडखडाटावर आवाज चढवून ताईला वाचावं लागे. परिणामी त्या कादंबरीतली झाडून सगळी माणसं टाचणीला जन्मभर ओरडून बोलणारी वाटत राहिली.

ताईचं लग्न झालं, ती समुद्रापलीकडे गेली, आणि बॅगेत कादंबरी घेऊन गेली. टाचणीला हे कळलं तेव्हा विमान उडालं होतं. तिनं पत्र टाकलं, त्यात एकच ओळ: "अर्धी माझी आहे." ताईनं कादंबरी वाचून, समासात निळ्या शाईनं चार गोष्टी खरडून, टपालानं परत पाठवली. टाचणीनं ती वाचली, ताईच्या प्रत्येक शेऱ्याखाली कापडावर खुणा करायच्या पेन्सिलीनं उत्तर दिलं, आणि पुन्हा तिकडं धाडली. असं सुरू झालं ते थांबलंच नाही. पुढं ताईच्या इमारतीतली एक नर्स त्यात शिरली. नर्सची बदली तिसऱ्याच देशात झाली, तिथून तिची मैत्रीण आली, मैत्रिणीची नणंद आली. कादंबरी फिरत राहिली. समास भरले. टाचणीनं नियम घालून दिला होता: वाचायचं, लिहायचं, पुढच्याला पाठवायचं. नुसतं 'छान आहे' लिहिलेलं चालणार नाही. आणि ज्याचा नंबर, त्यालाच पुस्तक. मधे कुणी घुसायचं नाही.

दरम्यान कादंबरी छापणारे प्रकाशक दुकान गुंडाळून मोकळे झाले. दुसरी आवृत्ती निघाली नाही. जुन्या प्रती कुठं गेल्या, कुणास ठाऊक. टाचणीला याची गंधवार्ता नव्हती. तिच्यापुरती कादंबरी टपालात व्यवस्थित होती.

टाचणी पन्नाशीच्या पुढं गेली तेव्हा रांगेत एक म्हातारा आला. सुतार. जन्मभर जहाजांवरच्या खोल्यांचं लाकूडकाम केलेला. खुब्याचं हाड मोडून तो नर्सच्या वॉर्डात पडला होता. बायको गेलेली. बरा झाल्यावर लेक त्याला आपल्या घरी, आणखी निराळ्या देशात घेऊन जाणार होती. तिथं जावई वेगळ्या भाषेचा, शेजार वेगळ्या भाषेचा, लेक दिवसभर कामावर. जायच्या आधी तो नर्सला म्हणाला, "पोरी, आपल्या भाषेतलं वाचायला काहीतरी दे गं. बोलायला कुणी नाही तर जिभेला गंज चढेल." नर्सनं शब्द दिला. टाचणीला फोन करून सांगितलं, "तुझ्यानंतरचा नंबर सुतारकाकांचा."

"लावला," टाचणी म्हणाली.

आणि नेमक्या त्याच सुमारास संग्रहालयवाले साहेब दुकानात आले. ते जुनी, दुर्मिळ पुस्तकं जमवणाऱ्या एका संस्थेत होते. कुणाकडून तरी त्यांना या कादंबरीचं कळलं होतं. माणूस साधा, सभ्य. त्यांनी कादंबरी हातात घेतली ती एखादं तान्हं मूल घ्यावं तशी. समास वाचता वाचता त्यांना हसू आलं, मग ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले.

"बाई, ही बहुधा शेवटची प्रत आहे," ते म्हणाले. "आणि हे समासातलं लेखन तर जगात दुसरीकडं कुठंच नाही. आम्हाला द्या. काचेच्या कपाटात ठेवू, वर तुमचं आणि तुमच्या ताईंचं नाव लावू."

"आणि वाचायचं कुणी?"

"अभ्यासकांना परवानगीनं पाहता येईल."

"पाहता येईल," टाचणी म्हणाली. तिनं ओठांतल्या टाचण्या काढून कापसाच्या छोट्या उशीला टोचल्या. हे ती फार क्वचित करायची. "साहेब, पुढचा नंबर एका सुतारकाकांचा आहे. त्यांचं वाचून झालं की बोलू."

साहेबांनी देशाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "तिकडं सध्या गडबड चालू आहे. टपालाचा काही भरवसा नाही. हरवली तर?"

"हरवली तर वाटेत हरवेल. कपाटात हरवण्यापेक्षा बरं."

संध्याकाळी घरात दरबार भरला. मुलगा कुठल्याशा कार्यालयात नोकरीला होता, सरळमार्गी, आईच्या तोंडाला घाबरणारा. पण त्या दिवशी तोही पेटला. "आई, काचेवर तुझं नाव लागतंय! लोक जन्म घालवतात त्यासाठी. त्या सुतार आजोबांना पानांचे फोटो काढून पाठवू की."

"कुणाला जेवायला बोलवायचं आणि ताटाचा फोटो पाठवायचा, असलं मी करत नाही."

"मग निदान मी तरी फोटो काढून ठेवतो. आपल्यासाठी."

"काढ ना. तुझे हात कुणी धरलेत?"

त्यानं चाळीसेक पानांचे फोटो काढले आणि मान दुखते म्हणून उठला.

खरा घाव घातला ताईनं. फोनवर ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "देऊन टाक त्यांना."

"काय?"

"छोटे, आता वयं झाली आपली. आपल्यामागं ते पुस्तक कोण सांभाळणार? आणि ते माझंही आहे, विसरू नकोस."

"अर्धं," टाचणी म्हणाली. "तुझं अर्धं दे त्यांना. दार उघडत नाही तो शेवट माझ्या अर्ध्यात येतो."

"थट्टा करू नकोस. कोण कुठला म्हातारा, त्याच्यासाठी..."

"कोण कुठली नर्स होती तीही. कोण कुठली तिची मैत्रीण. ताई, आपण त्याला नंबर दिलाय. दिलेला नंबर, साहेब आले म्हणून काढून घ्यायचा? बाबांनी माझी शाळा काढून घेतली तेव्हा तू किती भांडली होतीस, आठवतंय? तेव्हा तुझं वय झालं नव्हतं वाटतं."

ताईनं फोन ठेवला. टाचणीनं दुसऱ्याच दिवशी पार्सल बांधलं. टपालखिडकीवरचा माणूस म्हणाला, "बाई, तिकडची पार्सलं अडकतायत. कशाला पाठवता?"

"वाचायला," ती म्हणाली.

कित्येक आठवडे काही कळलं नाही. मग एक दिवस पार्सल परत आलं. वर चार-पाच शिक्के, एक कोपरा फुटलेला, आणि सगळं भिजून सुकलेलं. पुस्तक फुगून पावासारखं झालं होतं. शिवण उसवली होती. पेन्सिलीनं लिहिलेलं टिकलं होतं. ताईची निळी शाई मात्र फुटून पहिल्या प्रकरणांवर नुसते ढग उरले होते.

साहेबांना कळलं, ते धावत आले. काउंटरवरचं पुस्तक पाहून त्यांना गलबलून आलं. "मी सांगितलं होतं, असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले.

"म्हणालातच की."

"बाई, अजूनही द्या. आमच्याकडं दुरुस्तीची सोय आहे. मी स्वतः जातीनं बघतो."

टाचणीनं पुस्तक आपल्याकडं ओढून घेतलं. साहेब गेल्यावर तिनं भर दुपारी शटर अर्धं ओढलं आणि मशीनपुढं बसून राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपण हट्टाच्या भरात माती केली. एकटीच्या हट्टात दोघींचं पुस्तक घातलं. तिनं ताईला फोन लावला, लपवाछपवी तिच्या रक्तात नव्हती.

"भिजलं. तुझं लिहिलेलं गेलं."

ताईनं विचारलं, "कुठवरचं?"

"होडी पुरात सापडते तिथवरचं. सगळं."

"त्यात मी काय लिहिलं होतं गं?"

"नायिकेनं दुसरं लग्न करायला हवं होतं, असं."

"शी!" ताई म्हणाली. "बरं झालं गेलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी माणूस काहीही लिहितो." आणि दोघी हसल्या. हसता हसता टाचणीच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तिनं बाहीनं पुसलं.

"त्या म्हाताऱ्याला कळलं का परत आलं ते?" ताईनं विचारलं.

"नर्सनं सांगितलं. तो म्हणाला, मी कुठं पळून चाललोय."

ताई म्हणाली, "मग पाठव. आणि हे बघ, या वेळी मेणकापडात गुंडाळ. अक्कल काय फक्त शिवण्यापुरती आहे का?"

टाचणी कामाला लागली. पानापानात टिपकागद घातले. चुरगळलेल्या पानांवर सुती फडकं टाकून अगदी मंद इस्त्री फिरवली. पानांच्या उसवलेल्या घड्या दुहेरी मेणदोऱ्यानं शिवल्या आणि वरून जाड कॅनव्हासचं कव्हर चढवलं. दुकानात पँटी तुंबल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली. "दोन दिवस जुनी घाला," ती म्हणाली.

या वेळी पार्सल थेट न पाठवता नर्सकडं पाठवलं. नर्सच्या देशातून तिकडची वाट खुली होती. साहेबांना निरोप गेला तेव्हा ते हताश होऊन म्हणाले, "या बाईला कुणी आवरू शकत नाही का?" निरोप घेऊन गेलेल्या मुलानं मान हलवली. घरात हा प्रयोग पूर्वी बऱ्याच जणांनी करून पाहिला होता.

पुस्तक पोचलं, एवढं नर्सकडून कळलं. नंतर काहीच नाही. थंडी आली, गेली. ताई अधूनमधून म्हणायची, "अगं, मरून-बिरून गेला नसेल ना?" टाचणी म्हणायची, "वाचून झाल्याशिवाय कसा मरेल?"

मग एका सकाळी पार्सल आलं. वर जाड, ठसठशीत अक्षर. सुतारांची चपटी पेन्सिल असते, तिनं लिहिलेलं. टाचणीनं समोरच्या गिऱ्हाइकाला पँट अर्धी टाचलेली तशीच उभं ठेवून पार्सल फोडलं.

म्हाताऱ्यानं पानापानावर लिहिलं होतं. होडीचं वर्णन चुकलंय, अशा जोडाची फळी पुरात टिकणार नाही. दीर हलकट आहे, पण त्याचं म्हणणं बरोबर आहे. हा परिच्छेद तीन वेळा मोठ्यानं वाचला, जावई बघायला आला मला काय झालं. आणि शेवटच्या पानावर, जिथं इतक्या वर्षांत इतक्या बायकांनी 'बरोबर केलं', 'शाब्बास', 'मीही हेच केलं असतं' लिहून ठेवलं होतं, त्या सगळ्यांच्या खाली, आडवं, जाड:

"चूक. दार उघडायला हवं होतं. आत घेऊन मग चार थोबाडीत मारायच्या. बंद दाराआडून कुणाला मारता येतं का? मी माझ्या पोराला दारातून परत धाडला होता. तो पुन्हा आलाच नाही. तुम्ही सगळ्या शहाण्या आहात, पण या बाबतीत तुम्हाला कळत नाही."

टाचणीनं ते दोनदा वाचलं. तिचे कान तापले. "कळत नाही म्हणे! बाप सुटला मोकळा, दार बंद केलं तरी बापाला कोण बोल लावतो?" ती मोठ्यानं म्हणाली.

"मला काही म्हणालात?" टाचलेल्या पँटीतल्या गिऱ्हाइकानं घाबरत विचारलं.

"तुम्ही हलू नका."

तिनं ताईला फोन करून मजकूर वाचून दाखवला. ताई तर भडकलीच. "मला पाठव! आत्ताच्या आत्ता! मी सांगते त्याला!"

"तुझा नंबर चौथा आहे."

"अगं, पुस्तक माझंही आहे!"

"मग चौथ्या नंबरला वाच."

संध्याकाळी साहेब आले. पुस्तक सुखरूप आलेलं पाहून त्यांनी पुन्हा एकदा विचारून पाहिलं. टाचणीनं त्यांना शेवटचं पान दाखवलं. ते वाचून साहेबांनी पुस्तक अलगद मिटलं. "आता याचं मोल आणखी वाढलं," एवढंच म्हणाले.

"म्हणून तर देत नाही. त्याला उत्तर जायला हवं. उत्तर दिलं नाही तर त्याला वाटेल, आम्हाला पटलं."

शेवटच्या पानावर जागा उरली नव्हती. टाचणीनं कागदाची एक लांब पट्टी कापली, पानाच्या कडेला चिकटवली आणि रात्रीचं जेवण मुलावर सोपवून लिहायला बसली. सुरुवातीला तिनं म्हाताऱ्याला चांगलंच फैलावर घेतलं. आई म्हणजे धर्मशाळा नव्हे, कुणीही यावं आणि दार वाजवावं. मग ती थांबली, त्याच्या पोराबद्दलची ओळ पुन्हा वाचली, आणि खाली लिहिलं, "तुमचं दुःख खरं आहे. तुमचं मत चूक आहे. दोन्ही एकत्र असू शकतं. पुन्हा वाचा. तुमचा नंबर पुन्हा लावलाय."

दुसऱ्या दिवशी तिनं मेणकापडात घट्ट गुंडाळलेलं पार्सल टपालखिडकीवर ठेवलं. पुढच्या वाचकाचा देश आणखी लांबचा होता. खिडकीवरचा माणूस आता तिला ओळखत होता. त्यानं विचारलं, "आत काय आहे?"

"भांडण," टाचणी म्हणाली. "जपून टाका."