सागवानी रणगाड्यातला वास

माझं माहेर सेलूचं. वडील शाळामास्तर. घरात देव होते, पण अंगात येणं, उतारे, करणी यांना थारा नव्हता. चौकात कुणी उतारा म्हणून लिंबू टाकलं की वडील ते सरळ उचलून आणायचे आणि आई त्याचं सरबत करायची... आम्ही सगळे प्यायचो, कुणाला कधी काही झालं नाही. अशा घरातली मी. या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचते. तरी हे लिहिते आहे, कारण ज्यांनी माझ्यासोबत ते पाहिलं त्यांच्यापैकी आता कुणीच उरलं नाही.

पंचावन्न साल असावं. लग्न होऊन मी सिंदीला आले होते, म्हणजे सिंदी रेल्वे या गावाला. कापसाच्या जिनिंगच्या पलीकडे दोन खोल्यांचं कौलारू घर, मागे अंगण, अंगणात मोरी. घरात सासूबाई, हे आणि मी. हे शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि उरलेल्या वेळात लष्करी गाड्यांची मॉडेलं करायचे.

नाद जुना होता. लढाईच्या वर्षांत सिंदी स्टेशनावरून जीपगाड्या, ट्रक, तोफा लादलेल्या मालगाड्या जायच्या. हे तेव्हा तासन्‌तास फलाटावर उभं राहून त्यांची चित्रं काढायचे. पुढे त्या चित्रांवरून लाकडात बनवायला लागले. फुटाला अर्धा इंच असं माप. सुताराकडचे सागवानाचे तुकडे, तुपाच्या डब्याचा पत्रा, दोऱ्याच्या रिळांची चाकं, सायकलच्या स्पोकचे दांडे. आणि चिकटवायला सरस. तो सरस म्हणजे जनावरांची कातडी-हाडं उकळून केलेला. तो अंगणात चुलीवर पातळ करायला ठेवला की मी नाक धरून आत पळायची. पण एकदा वाळला की वास जायचा, हे खरं.

जीप झाली, ट्रक झाला. दोन्ही इतके हुबेहूब की मलासुद्धा कौतुक वाटलं. मग यांनी रणगाडा करायला घेतला. वर्ध्याला शाळांचं प्रदर्शन होतं. मोठे लोक येणार, तिथल्या मोठ्या शाळेत यांना जागा मिळण्याची आशा होती. एका इंग्रजी साप्ताहिकातला फोटो समोर ठेवून यांनी दीड वीत लांबीचा रणगाडा उभा केला. नुसता ठोकळा नाही, आतून पोकळ. वर फिरणारा घुमट आणि त्याला दोन बोटं जातील एवढं उघडझाप होणारं झाकण.

तो पुरा झाला तेव्हा भादवा लागला होता आणि मला दिवस जाऊन चौथा महिना लागला होता.

वास पहिल्यांदा दुपारी आला. उंदीर मेला असेल म्हणून मी मॉडेलांच्या फळीमागे, ट्रंकांखाली, पिंपाआड, सगळीकडे पाहिलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, जास्त. गोडसर, चिकट, सडक्या मांसाचा वास आणि त्यात ग्रीसचा वास मिसळलेला. तो घशात जाऊन बसायचा. पाणी प्यायलं तरी पाण्याला तीच चव.

सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी बाईले साऱ्याचाच वास येते वं." हे म्हणाले, सरस आहे, दमट हवा आहे. मीही तेच धरून चालले. पण जीप आणि ट्रक त्याच सरसाचे, त्याच फळीवर. त्यांना मी नाक लावून पाहिलं तर फक्त लाकूड आणि रंग. रणगाड्याजवळ गेले आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत उलटी झाली.

मग माशा आल्या. मोठ्या, निळ्या, कसाबाच्या दुकानात असतात तशा. रणगाड्याच्या झाकणावर एकावर एक बसलेल्या. हाकलल्या की उठायच्या आणि परत तिथेच. जीपवर एक नाही, ट्रकवर एक नाही. हे सासूबाईंनीही पाहिलं.

एके दिवशी मी पदर नाकाला बांधला, झाकण उघडलं आणि आत दोन बोटं घातली. काही मेलं असेल तर काढून टाकावं, एवढाच विचार. आत ओलं होतं. कोमट. बोटं चिकटली आणि सुटताना बारीक आवाज झाला. बाहेर काढली तर टोकांना काळपट लाल, दाट काहीतरी. राखेनं घासली, चिंचेनं घासली, शिकेकाईनं घासली. त्या हातानं कणीक मळणं मला नंतर कितीतरी दिवस जमलं नाही.

यांना सांगितलं. यांनी झाकणापाशी कंदील धरून आत पाहिलं, म्हणाले तेल झिरपलं असेल. मी म्हटलं हे घराबाहेर काढा. तर म्हणाले, प्रदर्शन होईपर्यंत तू सेलूला जा. खरं सांगते, त्या दिवसांत मला यांचीही किळस यायची. हे त्या लाकडावरून फिरवलेल्या हातांनी भाकर मोडायचे आणि मी ताटावरून उठायची. अन्न ठरत नव्हतं. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी दंड धरून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर मूल हाती लागणार नाही.

त्याच आठवड्यात माझे भासरे आले, म्हणजे यांचे थोरले भाऊ. ते पुलगावला सायकली दुरुस्त करायचे. लढाईत ब्रह्मदेशाकडे वर्कशॉपवर होते, एवढंच मला ठाऊक. तिकडे काय करत होतात असं विचारलं तर 'गाड्यांचं काम' म्हणायचे आणि विषय संपवायचे. भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, अशी तेव्हा रीत होती. लग्नापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

दुपारची वेळ. ते उंबरठ्यावर आले आणि थांबले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, फळी दारातून दिसतही नव्हती. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि यांना शांतपणे विचारलं, "वामन, आतून साफ काऊन नाई केलं?"

हे म्हणाले, काय साफ करायचं?

ते सरळ फळीपाशी गेले. माशा उठल्या. त्यांनी रणगाडा दोन्ही हातांनी उचलून अंगणात आणला, शर्ट काढून ठेवला आणि सासूबाईंकडे गरम पाणी, धुण्याचा सोडा, बादली आणि जुनं धोतर मागितलं. धोतराच्या चिंध्या केल्या. मग उकिडवे बसून, झाकणातून दोन बोटांनी चिंधी आत घालून ते पुसायला लागले. नाक नाही दाबलं, तोंड नाही फिरवलं. चिंधी बाहेर काढायची, बादलीत पिळायची, परत आत. कोपरे, कडा, घुमटाखालची खाच... हे काम त्यांनी पुष्कळदा केलेलं होतं हे बघणाऱ्याला कळत होतं.

बादलीतलं पाणी लाल झालं, मग काळं. त्यात तंतू तरंगत होते आणि एका गुठळीला केस चिकटलेले मी स्वतः पाहिले. दीड वितीच्या खोक्यातून येईल त्याच्या कितीतरी पट. सासूबाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. हे म्हणाले, रंग सुटला असेल. आतून रंग दिलाच नव्हता, हे यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मला ते सहन होईना. मी बादली ओढून मोरीत उपडी करायला गेले. तेव्हा भासरे पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"नालीत नको टाकू, पोरी. मानूस हाये तो."

घरामागे वावर होतं. बांधावरच्या बाभळीखाली त्यांनी खड्डा खणला आणि बादली हळूच ओतली, चिंध्याही त्यात टाकल्या. मी कशाला मागे गेले ठाऊक नाही. तिथे बांधावर मला पुन्हा उलटी झाली. मी तोंड पुसेपर्यंत ते पाठ करून उभे राहिले. मग माती लोटता लोटता बोलले. लढाईतून मार लागून आलेला रणगाडा वर्कशॉपवर यायचा. इंजिन चालत असलं तर फेकायचा नाही असा हुकूम. आत जे उरलेलं असे ते काढायचं, धुवायचं, रंग मारायचा आणि त्यात नवी पोरं बसवायची. ते काम त्यांच्या टोळीकडे होतं.

"ओकारीची लाज नाई," ते म्हणाले. "आमीबी ओकत होतो. मंग अंदर जात होतो."

त्या संध्याकाळी माशा नव्हत्या. वास नव्हता. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि त्या ठरल्या. भासरे दुसऱ्या दिवशी पुलगावला परत गेले.

यांचं मात्र मन मानेना. काहीतरी कारण असणारच म्हणून यांनी माझ्यासमोर रणगाडा करवतीनं मधून कापला. आतलं सागवान कोरडं होतं. सोनेरी, जणू आताच रंधा फिरवलाय. रक्ताचा राहू द्या, साध्या पाण्याचाही डाग नाही. एवढं सोड्याचं गरम पाणी आत गेलेलं, पण सरसाचे सांधेसुद्धा सुटले नव्हते. यांनी दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले.

प्रदर्शनात जीप आणि ट्रक गेले. वर्ध्याची जागा मिळाली नाही, त्यावरून यांनी मला कधी बोल लावला नाही. माघात मुलगी झाली, चांगली धडधाकट.

उंदीर, सरस, गरोदरपणातला भ्रम... सगळं मी स्वतःशी लावून पाहिलं आहे. पण बादली चौघांनी पाहिली आणि कोरडं लाकूड आम्ही दोघांनी. दोन्ही खरं कसं असेल, हे मला आजही सांगता येत नाही.

आमच्या मुलीनं एकदा विचारलं, भीती नाही वाटली? भीती नाही वाटली, अगदी खरं. त्या माणसाबद्दल, जो कोण होता तो, मला कळवळा यायला हवा होता. तोही तेव्हा आला नाही. मला फक्त किळस आली, आणि हे लिहितानाही आधी तीच आली. मध्येच उठून अंगणात जाऊन आले. मला अंगणात जाता येत होतं. भासऱ्यांना ओकून परत आतच जावं लागायचं.